दोन कॅमेरे आणि माझा उजवा डोळा

साठी जवळ आल्यावर मला फिल्मचा जुना कॅमेरा घ्यायची हुक्की आली. बारामतीत मी डोळ्यांची डॉक्टर. ऑपरेशनं आता माझी तरुण सहकारी करते, मी फक्त तपासते. तपासणी उरकली की संध्याकाळी मोबाइलवर रेंजफाइंडर कॅमेऱ्यांबद्दल वाचत बसायची. या कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरच्या वस्तूची दुसरी, फिकट प्रतिमा दिसते. लेन्सची कडी फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आणायच्या. त्या जुळल्या की फोटो नेमका येतो. तिरळे डोळे तपासण्यात जन्म गेलेल्या बाईला हे आवडणारच.

अडचण होती ती घराणं निवडण्याची. एक रशियन, दुसरं जपानी. रशियन कॅमेऱ्याची लेन्स आट्यांवर फिरवून बसवायची, मला भावलेल्या जपानी कॅमेऱ्याची खटक्यानं बसायची. एकाची दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे कॅमेरा एक घेतला तरी सोयरीक अख्ख्या खानदानाशी. रशियन लेन्सा मुबलक मिळतात, पण कॅमेरा ट्रॅक्टरच्या सुट्या भागासारखा दिसतो. जपानी देखणा आणि हलका, पण त्याच्या लेन्सा हुडकत फिरावं लागतं. दर आठवड्याला माझं मत बदलायचं.

"मला होकार द्यायला तुला एक संध्याकाळ पुरली होती," हे एकदा म्हणाले.

"तेव्हा इंटरनेट नव्हतं," मी म्हणाले.

शेवटी पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी, त्यांना जुने कॅमेरे जमवायचा नाद आहे, दोन्ही मला वापरून बघायला दिले. ते घेऊन आम्ही रविवारी निरवांगीला गेलो. तिथं माझ्या थोरल्या जाऊबाई असतात. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे मी त्यांना कधीचं सांगत होते. अक्कांचं म्हणणं, डोळा चांगला हाय, हल्लीच्या बल्बांना उजेड न्हाय.

सकाळी डाळिंबाच्या बागेत मी रशियन कॅमेरा डोळ्याला लावला. समोर एक डाळिंब, चौकोनात दुसरं. कडी फिरवली. डाळिंबं जवळ आली, पण एक होईनात, कडेला पुसट सावली राहायचीच. जपानी लावला, तर तीच गत. मी तिथूनच गृहस्थांना कळवलं, की दोन्ही कॅमेऱ्यांची जुळणी बिघडलेली आहे, दुरुस्तीला द्यावे लागतील. ते बिचारे सभ्य. नुकतेच तपासले होते, पण तुम्ही म्हणता तर बघतो, असं त्यांचं उत्तर आलं.

अक्का बांधावर बसून बघत होत्या. "आन हिकडं," म्हणाल्या, आणि जपानी कॅमेरा उजव्या डोळ्याला लावून कडी फिरवू लागल्या.

"दोन हायत... हां, आता एक झालं. त्यात काय हाय एवढं?"

मी कडी मुद्दाम फिरवून कॅमेरा पुन्हा त्यांच्या हातात दिला. अक्कांनी डाळिंब पुन्हा एक केलं. मी घेतला तर माझं पुसटच. मग का कुणास ठाऊक, मी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. डाळिंब चोख एक झालं, त्याचं मुकुटासारखं टोकसुद्धा. मी रशियनही तसाच लावून बघितला. तोही ठणठणीत होता. वर्षभर मी चष्म्याचा नंबर बदलत होते, दिव्यांना नावं ठेवत होते.

"काय झालं गं?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही."

"मोतीबिंदू हाय का तुला?"

"असं नुसतं बघून नाही सांगता येत, अक्का."

"मला तर बघूनच सांगितलंस की."

दुसऱ्या दिवशी सहकारी डॉक्टरनं तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मी म्हणाले, फार वाढलेला नाही, थोडं थांबू या. तिनं मला माझंच व्याख्यान ऐकवलं, शब्दाला शब्द, मी पेशंटला समजावते त्याच गोड आवाजात. ऑपरेशनच्या दिवशी अक्का एसटीनं आल्या आणि माझ्या उशाशी बसल्या. "घाबरू नको, सोपं असतं," असं त्या मला सांगत होत्या. त्यानंतर त्यांना स्वतः नाही म्हणायची सोय राहिली नाही. पुढच्या महिन्यात त्यांचंही झालं.

दरम्यान कॅमेऱ्यांचं जे व्हायचं ते झालं होतं. आम्ही ते परत पोचवले होते. डोळ्याच्या गडबडीत चूक माझी आहे हे गृहस्थांना कळवायला मला उशीर झाला, तोवर त्यांनी माझ्या शब्दाखातर जपानी कॅमेरा उघडायला दिला होता. उघडताना आतली काच हलली आणि चौकोनातली प्रतिमाच नाहीशी झाली. माझ्या निदानावरून एका निरोगी कॅमेऱ्याचं ऑपरेशन झालं होतं. गृहस्थ हसले, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी तोच घेते म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. उरला रशियन. इतक्या अभ्यासानंतर मी तो असा निवडला.

पहिल्या रोलमध्ये अक्कांचा गोठ्यासमोर बसलेला फोटो सुरेख आला. पापण्यांचे केस मोजावेत इतका नेमका. मी तो मोठा करून निरवांगीला नेला. नव्या डोळ्यानं त्यांनी तो खूप वेळ निरखला.

"चांगला हाय," म्हणाल्या, आणि बाजूला ठेवला. मग नातसुनेनं मोबाइलवर काढलेला, गाल गुळगुळीत करून घेतलेला फोटो मला दाखवला. "पर ह्यात मी हाय तशी दिसते."

भिंतीवर तोच लागला.