आत जायची सही

माझी नात भुताच्या सिनेमांचं लिहिते. कुणाला सांगितलं की आधी हसतात, मग हळूच विचारतात, "लग्नाचं काय?" मी म्हणते, भुतं संपली की बघू.

एकाच भुताचे चार सिनेमे झालेत. पांढरी साडी, मोकळे केस, बंद बंगला. पहिला मी डोळ्यांवर पदर धरून बघितला आणि चौथा वाटाणे सोलत. चौथ्याला लोक थेटरात हसले म्हणे. तेव्हा पाचव्यासाठी सिनेमा काढणाऱ्या मंडळींनी सांगून टाकलं की भूत बाईचंच राहील, पांढरी साडी तीच राहील, पण गोष्ट नवी पाहिजे. चौथ्यात नात नुसती हाताखाली होती. पाचव्याला पहिल्यांदाच तिला म्हणाले, तू लिहून आण, दहा दिवसांत. नाहीतर दुसऱ्याला देऊ.

हिनं हिंजवडीची चांगली नोकरी सोडून हे धरलेलं. माझा मुलगा, म्हणजे तिचे वडील, जन्मभर कारखान्यात शिफ्टा करून रिटायर झालेला माणूस. त्यानं जेवताना शांतपणे सांगितलं, "हे जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर पुन्हा कंपनी बघायची." पोरीनं मान डोलावली. भाकरी मात्र अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्यापुढं बसली. "आजी, तू खरं भूत बघितलंयस?"

"न्हाई बाई. आमाला येळ कुठं होता?"

"मग कुणाला लागलेलं तरी?"

आता, आमच्याकडं भुताचं नाव घरात घेत नाहीत. 'बाहेरचं' म्हणतात. एखादी सून जेवेना, बोलेना, की बायका म्हणायच्या, हिला बाहेरचं झालंय. तसल्या दोन-तीन गोष्टी मी सांगितल्या. तिनं लिहून घेतल्या आणि सगळ्यांवर रेघ मारली. "हे सगळं दुसऱ्या भागात होऊन गेलंय, आजी."

तिसऱ्या दिवशी रविवार होता, आमच्या म्हसोबाच्या नैवेद्याचा. माझं माहेर चाकणजवळचं. बांधावर शेंदूर लावलेला दगड, तो आमचा म्हसोबा. शेत कंपनीत गेलं, वर शेड उभी राहिली, पण त्या दगडाला हात लावायला जेसीबीवाला तयार होईना. शेवटी कंपनीनंच त्याला चौथरा बांधला, फरशी लावली. आता तो जनरेटरच्या मागं बसलेला असतो. पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही दहीभात आणि नारळ घेऊन जातो. आधी गेटवर नावं कळवावी लागतात. घरात बसून उसासे टाकण्यापेक्षा चल म्हटलं, आणि नातीला बरोबर घेतलं.

गेटवरचा सिक्युरिटीवाला परभणीकडचा. मला ओळखतो. "या आजी, वर्ष झालं की! गुडघा काय म्हणतोय?" म्हणत त्यानं खुर्ची दिली, रजिस्टर पुढं केलं. मी सही केली. त्यानं पदरावरूनच पिवळी टोपी डोक्यावर बसवली आणि गळ्यात कार्ड अडकवलं. नात ते वाचत तिथंच थांबली.

"आजी, काय लिहिलंय बघितलंस? 'बाहेरील व्यक्ती'."

"मग? दरसाल तेच असतं."

"अगं, शेत तुझं होतं ना? आणि तू बाहेरची?"

"आणि म्हसोबाला वो?" मी सिक्युरिटीवाल्याला विचारलं.

"त्यांना कार्ड लागत नाही, आजी," तो म्हणाला. "ते परमनंट आहेत."

मी हसले. नात हसली नाही. नारळ फोडताना फोर्कलिफ्टवाला गाडी थांबवून पाया पडून गेला, तेही तिनं नुसतं बघितलं. परतीच्या रिक्षात एकदम बोलायला लागली. "आजी, चारही सिनेमांत भूत बाहेरून घरात येतं. ह्या खेपेला भूत घरातलंच. आणि त्यालाच बाहेरचं म्हणून कार्ड घालून आत सोडतात. भर दुपारी, सगळ्यांसमोर."

थेरगावला आमचं घर येईपर्यंत तिनं फोनवर पाचसहा पानं लिहिली असतील.

पुढं चार दिवस खोलीचं दार बंद. मग मला वाचून दाखवायला आली. निम्म्यापर्यंत मी मेथी निवडायची विसरले, इतकं चांगलं होतं. आणि मग म्हसोबाचा कोप होऊन सिक्युरिटीवाला पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये चिरडून मरतो!

"त्याला का मारलंस गं? खुर्ची देतो बिचारा मला."

"आजी, हॉरर आहे. कुणीतरी मेलंच पाहिजे. नाहीतर ते घेणार नाहीत."

"आन् म्हसोबा असा कुणालाबी मारीत न्हाई. त्याच्या नावावर खपवू नको."

"मग कुणाला मारू?"

"मला मार."

ती बघतच राहिली. म्हटलं, बघतीस काय? एक म्हातारी दरवर्षी नैवेद्य घेऊन येती. सही करती, टोपी घालती, आत जाती. पांढरी साडी तुला ठेवायचीच हाय, तर म्हातारीच्या अंगावर ती शोभती. एक दिवस सिक्युरिटीवाला सहज जुनी रजिस्टरं चाळतो. सगळ्या वर्षांत आत जायची सही हाय. बाहेर यायची एकबी न्हाई.

नातीनं हातावर उभा राहिलेला काटा मला दाखवला. मग म्हणाली, "पण ती बाहेर यायची सही का करत नाही?"

"आपल्या घरातनं निघताना कुणी सही करतं व्हय?"

"तुला मारून लिहायचं म्हणजे..."

"अगं, कागदावर मरायला काय लागतं? लिही. दिवस कमी राहिलेत."

सिक्युरिटीवाल्याला तिनं जिवंत ठेवलं. त्याला ते रजिस्टर घेऊन गावात पाठवलं, आणि गावातली बाई त्याला सांगते की ती म्हातारी तर शेड उभी राहायच्या आधीच गेली. तिथं मध्यंतर. नवव्या दिवशी रात्री तिनं सगळं पाठवून दिलं.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. ती गच्चीत गेली. मुलगा पेपर वाचत होता, म्हणजे पेपर तोंडापुढं होता, पान काही उलटत नव्हतं. अर्ध्या तासानं ती खाली आली आणि माझ्या पाया पडली. मला वाटलं, संपलं.

"घेतलं, आजी. शेवट थोडा बदलायला सांगितलाय. पण घेतलं."

मुलानं पेपर खाली ठेवला. "म्हणजे आता कंपनी न्हाईच?"

"कंपनी आहे की, बाबा," ती म्हणाली. "शूटिंगला खरी कंपनीच लागणार आहे, शेड आणि गेटसकट. तुमच्या ओळखीत कोण आहे का?"

त्यानं चष्मा लावला आणि फोनमधले नंबर वरपासून बघायला लागला.