चार लाख सदतीस हजार चारशे सदतीस

आबांचा मुदतीचा ताप उतरला तेव्हा मायनं मारुतीपुढं नारळ फोडला. मला मात्र कुठंतरी खटकत होतं. कळमनुरीत आबांची मराठी शाळा होती. निजामाच्या राज्यात सरकारी शाळेत सगळं उर्दूतून, म्हणून लोक पोरं आबांकडं पाठवायचे. आकड्यांचं त्यांना वेडच होतं. घास हातात धरून ते कुठल्यातरी मोठ्या संख्येचे भाग पाडत बसायचे आणि माय म्हणायची, "आधी त्या भाकरीचे पाडा."

तापातून उठल्यावर ते गप्प झाले. काही विचारलं की नुसते हसायचे. त्या हसण्याची मला भीती वाटायची.

सेनगावाहून मामा गाडी घेऊन आला. आबांचं डोकं ठिकाणावर असेल तर शाळा पुन्हा उघडायची, नसेल तर आम्ही सगळ्यांनी त्याच्या घरी राहायला जायचं, असं त्याचं आणि मायचं ठरलं होतं. मला मामीच्या हाताखाली मुळीच जायचं नव्हतं.

"पोरी, इचार तुझ्या बापाला एखादं गणित," मामा म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं? गाढवाला गुळाची चव काय!"

मी मुद्दाम सोपं निवडलं. कोणतीही तीन आकडी संख्या शेजारी शेजारी दोनदा लिहिली, की होणाऱ्या मोठ्या संख्येला सात, अकरा आणि तेरा या तिघांनीही भाग जातोच. बाकी उरत नाही. ही गंमत आबा दरवर्षी नव्या पोरांना दाखवायचे. मलाही त्यांनीच शिकवली होती. मी पाटीवर ४३७४३७ लिहिलं.

"आबा, याला कशानं भाग जातो?"

आबांनी पाटी जवळ ओढली. "कशानंच न्हाई. मूळ संख्या हाय ही." आवाज अगदी वर्गातला, ठाम.

मामानं मांडीवर थाप मारली. "बघ ताई! काहून रडून राहिली होतीस? कसं फाडकन सांगितलं दाजींनी!"

मायनं डोळे पुसले आणि माझ्याकडं पाहिलं. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण माझं तोंड ती बरोबर वाचायची. तिचा चेहरा उतरला. मला मामाचा राग आला, आबांचा आला, आणि असलं सोपं गणित घातल्याबद्दल स्वतःचाही आला.

"चुकलं का गं?" आबांनीच विचारलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "सांग मग."

मी सांगितलं. दोनदा लिहिणं म्हणजे एक हजार एकनं गुणणं, आणि एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. आबा मान हलवत, मन लावून ऐकत होते. तेरानंही भाग गेला, खाली शून्य आलं, आणि तापानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी पाटी मायला दाखवली, मामाला दाखवली.

"गंमतच हाय की ही! कोनी शिकवलं गं तुला?"

"तुम्हीच, आबा," मी म्हणाले. मामा उठला आणि बैल जुंपायला गेला.