खुनी कोण, ते मावशीला आधीच ठाऊक होतं

मावशी माझ्या मधल्या लेकीच्या वयाची. तरी मी तिला मावशी म्हणते, कारण तिच्या धंद्याचं नावच मावशी. दवाखान्यात लागली तेव्हा वीस वर्षांची पोर होती, तिथेही पहिल्या दिवसापासून मावशीच. सव्वीस वर्षं लोकांची आजारी माणसं उठवणं, बसवणं, न्हाऊमाखू घालणं हे तिचं काम. माझा खुबा मोडला, आत सळई घातली आणि अकरा महिन्यांपूर्वी ती आमच्या घरी आली. सकाळी सहा ते रात्री नऊ.

तिला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, दुखणी राहतात. बोलताना म्हणायची, "ते आमचे लकव्याचे काका फार हसरे हो," किंवा, "त्या मोतीबिंदूच्या बाईंनी मला छत्री दिली." मी म्हणजे खुब्याच्या आजी. एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होती, "खुबा आता बरा चालतो, पण तोंड फार चालतं." मी शेजारीच होते. म्हटलं, "मावशी, मला ऐकू येतं." तर म्हणते, "कान बरे आहेत, तेही सांगणारच होते."

पुरुषांचं मोठं घड्याळ ती मनगटाच्या आतल्या बाजूला बांधते. नखं बोटाच्या आत कापलेली. दिवसभर खुर्चीवर टेकायची नाही. बसलं की डोळा लागतो, आणि डोळा लागला की पेशंट पडतो, असा तिचा हिशेब. आठची मालिकासुद्धा ती माझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभ्यानेच बघायची.

आता त्या मालिकेचं सांगते, कारण पुढची सगळी कटकट तिच्यापायी झाली. एका श्रीमंत घरातली म्हातारी दूध पिऊन मेली. दुधात विष होतं. ते कोणी घातलं, हे शोधायला त्या लोकांनी आठ महिने लावले. तेवढ्या वेळात माझा खुबा जुळला. आमच्या घरात चार मतं. मुलगा म्हणायचा, वकिलाने केलं. सूनबाई म्हणायची, धाकट्या मुलाने. वरच्या मजल्यावरची शिवणवाली रोज मालिकेला आमच्याकडे येते, तिला मोठ्या सुनेचा संशय. माझं म्हणणं, म्हातारी मेलीच नाही, कंटाळून निघून गेली असेल.

मावशी एकटी पहिल्या दिवसापासून सांगायची, "ती नर्स आहे ना तिला सांभाळायला, तिने केलंय."

"का हो?" शिवणवाली विचारायची. "ती बिचारी तर रडून रडून अर्धी झालीय."

"नखं बघा तिची! एवढ्या नखांनी कुणी म्हातारीचं अंग पुसतं का? सालटी निघतील. आणि गोळी देताना पाकीट वाचत नाही. ती या कामातली नाहीच. खोटं सांगून घरात शिरलीय."

"मावशी, ती नटी आहे," मुलगा म्हणायचा. "नटीला नखं असतात."

"असू देत. मी सांगितलंय, लक्षात ठेवा."

मग जाहिरात सुरू झाली की अमुक दिवशी खुनी कळणार, आणि तो भाग थेट दाखवणार. म्हणजे आधी करून ठेवलेला नाही, नटनट्या तिथे उभ्या राहून बोलणार आणि त्याच घटकेला आपण बघणार. घरात काय ती धांदल! मुलगा कचेरीतून लवकर आला. हाच मुलगा माझ्या शस्त्रक्रियेला अर्धा तास उशिरा पोचला होता. शिवणवाली हातात काजं करायचा झगा घेऊन आली. सूनबाईने फोन बंद केला. मावशीने मला खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट सरकवला आणि मागे उभी राहिली.

थेट म्हणजे काय, तर सगळ्या चुका बघायच्या. वकील आत आला तर दार उघडेना. त्याने धक्का मारला तशी भिंतच हलली. मोठी सून "मामंजी" म्हणण्याऐवजी "साहेब" म्हणाली. शिवणवाली हसून हसून सुई टोचून घेऊन बसली. मुलगा चिडला, "अहो, ऐकू द्या ना!"

मग मरणाच्या रात्रीचा प्रसंग पुन्हा करून दाखवला. म्हातारी पलंगावर आडवी, आणि ती नर्स येऊन तिला तशीच आडवी असताना पेल्याने दूध पाजते. दूध गेलं नरड्यात उलटं. म्हातारी जी खोकायला लागली, ते नाटकातलं खोकणं नव्हतं. डोळे पांढरे केले बिचारीने.

"अगं उठव तिला!" मावशी माझ्या कानाशी ओरडली. "मान वर कर! कुशीवर घे, कुशीवर!"

"मावशी!" मुलगा.

"अहो, खरंच ठसका लागलाय तिला! कुणी आहे का नाही तिथे?"

कुणीतरी होतं. काळ्या बाहीचा एक हात बाजूने आला, त्याने म्हातारीला उठवून बसवलं आणि पुन्हा गेला. मेलेली म्हातारी पदराने नाक पुसून परत मेली. आणि पुढच्या पाच मिनिटांत त्या नर्सने डोक्यावरची टोपी काढून सगळं कबूल केलं. ती नर्स नव्हतीच. कुठल्याशा जुन्या भांडणाचा सूड घ्यायला नर्स बनून घरात शिरली होती.

मावशीने टाळीच वाजवली. "बघा! म्हटलं होतं की नाही? आठ महिने सांगतेय!"

मी हसत मागे वळले, आणि पाहते तर टीव्हीकडे कुणाचंच लक्ष नाही. मुलगा, सूनबाई, शिवणवाली, तिघंही मावशीकडे बघतायत.

"बाई बाई," शिवणवाली म्हणाली, "कुणाला घरात घ्यावं, काही कळत नाही हो हल्ली."

आणि आमची सूनबाई, जिला मी शहाणी समजते, ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला बरं इतकं नेमकं कळलं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मावशीला मात्र त्यातलं काही उमगलं नाही. ती आपल्याच आनंदात. मला झोपवतानासुद्धा सांगत होती, "आजी, नखांवरून ओळखलं मी."

दुसऱ्या दिवशी सहाला ती आली, माझ्या उशाशी असलेल्या फळीवर हात घातला, तर गोळ्यांची डबी नाही. खाली पाहिलं, कपाटात पाहिलं. इतक्यात सूनबाई जांभई देत गोळी घेऊन आली.

"डबी आमच्या खोलीत ठेवलीय. तुमचं काम तेवढंच हलकं."

मावशीने रिकामी फळी फडक्याने पुसून घेतली. माझ्याकडे बघितलं. मला मेलीला तोंड कुठे लपवू असं झालं. त्या दिवसापासून माझं दूधही सूनबाईच गरम करून आणायला लागली, आणि सकाळ-संध्याकाळ मावशी स्वयंपाकघरात गेली की तिच्या मागोमाग काहीतरी निमित्त काढून जायची. मुलाला विचारलं तर म्हणतो, "काही नाही गं आई, जरा पद्धतशीर केलंय सगळं." ताकाला जाऊन भांडं लपवणं ही त्याची लहानपणची खोड.

एवढ्यावर थांबेल तर ती सूनबाई कसली! तिने लकव्याच्या काकांच्या घरी फोन केला, मावशी कशी होती म्हणून. अकरा महिन्यांनी चौकशी! तिकडे काका जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या मुलीने मावशीचं इतकं कौतुक केलं की फोन अर्धा तास चालला. आणि ठेवल्या ठेवल्या त्या मुलीने मावशीलाच फोन लावला. "तिथे तुमची चौकशी चाललीय, म्हणजे तुम्ही सोडताय का? आमच्या आईने अंथरूण धरलंय. उद्याच या."

मावशी माझे पाय चोळत होती. फोन ठेवला, तेल पुसलं आणि म्हणाली, "आजी, मला कळलं आता. मी वेडी, चार दिवस मला वाटत होतं माझ्या कौतुकाने सगळे गप्प झालेत."

"जाणार का गं?"

"बघते."

मला अजून जिना उतरता येत नव्हता. आणि खरं सांगायचं तर, या घरात दिवसभर माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

संध्याकाळी मी मुलाला आणि सुनेला खोलीत बोलावलं. मावशीला म्हटलं, तूही थांब.

"मालिकेवरून माणसं ओळखायची असतील, तर सगळ्यांचीच ओळखू," मी म्हटलं. "मागच्या वर्षी याच मालिकेत सुनेने जिन्यावर तेल ओतलं. मी विचारलं का गं तुला, जिना पुसतेस त्या फडक्यात काय आहे? आणि मुलाने आईचा अंगठा झोपेत कागदावर उमटवला. मी हातमोजे घालून झोपते का?"

"आई, तू कुठलं कुठे नेतेस!"

"मी नाही नेलं, तुम्ही नेलंत. खून केला त्या नर्सने, आणि शिक्षा हिला. चोर सोडून संन्याशाला फाशी. अरे, आपण चौघं डोळे फाडून बघत होतो, त्या म्हातारीला खरा ठसका लागलाय हे एकीलाच कळलं."

सूनबाई रडायला लागली. ती वाईट नाही हो. "मला भीती वाटली," म्हणाली. "दिवसभर आम्ही घरात नसतो." मुलगा उठला, डबी घेऊन आला आणि मावशीपुढे धरली. "चुकलं आमचं. ठेवा तुमच्याकडे."

मावशीने हात पाठीमागे घेतले.

"राहू द्या साहेब तुमच्याकडेच. मी आजींना उठवीन, चालवीन, अंघोळ घालीन. गोळी आणि दूध आता तुम्ही द्यायचं. उद्या यांना नुसती उचकी लागली तरी तुमची नजर माझ्या हातांकडे जाणार. तसं काम मी केलेलं नाही."

"अहो पण मावशी, आता विसरा ना."

"विसरले. पण डबी तिकडेच."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी विचारलं, "म्हणजे तू राहतेस?"

"तुमच्यासाठी नाही. खुब्यासाठी. अर्धवट पेशंट मी सोडत नाही. जिना उतरलात की मी मोकळी."

तिने तिथूनच काकांच्या मुलीला फोन करून सांगितलं की दोन महिने तरी जमणार नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला सूनबाई गजर लावून उठते, केस मोकळे, डोळे मिटलेले, आणि डबीशी झटते. मावशी तोवर मला उठवून, पाठीशी उशी लावून बसवते आणि बाजूला होते. परवा सकाळी सूनबाईने चुकून रात्रीची गोळी काढली. मावशी म्हणाली, "दुसरा खण." एवढंच. हात पुढे केला नाही. सूनबाई म्हणाली, "मग द्या ना तुम्हीच!" मावशीने माझी उशी सारखी केली. सूनबाईने कपाळावर हात मारला आणि दुसरा खण उघडला. मी आपली दोघींच्या मधे आ वासून बसलेली.

जिन्याचं म्हणाल, तर कालपासून चार पायऱ्या उतरते. मावशी एक पायरी खाली उभी राहून मोजते. पाचवी मला येत नाही असं मी तिला सांगितलंय.