वहीत लिहिलेला डोंगर

नोत्बुर्गा माझी थोरली बहीण. टिरोलातल्या आमच्या खोऱ्याच्या पार टोकाला, हिमनदीच्या पायथ्याशी, डोंगर चढणाऱ्यांची मुक्कामाची कुटी आहे. ती तिने एकतीस उन्हाळे चालवली. मी, विन्सेन्झ, खेचरावरून पीठ, बटाटे, बिअर वर न्यायचो आणि वर तिची बोलणीही खायचो. बहीण-भावाचं नातं गोड असतं म्हणतात. असेल बाबा कुणाचं.

तिला पत्रं यायची. कोणी छापखान्यातला, कोणी शिवणकाम करणारी. सगळ्यांचं रडगाणं एकच: बर्फाचा डोंगर चढायचाय, पण वाट सोपी हवी आणि खिसा हलका आहे, तर आल्प्समध्ये जावं कुठे? ही पोस्टकार्डावर उलट तीन प्रश्नांची उत्तरं मागायची. दिवस किती? पैसे किती? खोल दरी बघितली की पोटात गोळा येतो का? मग सल्ला. "त्सेर्माटला जाऊ नकोस, तिथे डोंगराकडे नुसतं बघायचेही पैसे पडतात." "चहाची पुडी घरून आण, माझ्याकडून फक्त गरम पाणी घे." "खोली मागू नकोस, माळ्यावर सगळ्यांच्या रांगेत गादी मिळेल." आणि कित्येकांना तर ही बया चक्क शेजारच्या खोऱ्यात पाठवायची!

"अगं, आपलं गिऱ्हाईक आपल्याच हाताने दुसऱ्याच्या दारात सोडतेस?" मी कावायचो.

"तिकडच्या हिमनदीला भेगा कमी आहेत. तुझी बिअर खपावी म्हणून माणसं भेगेत घालू?"

मी कपाळावर हात मारून खेचराकडे वळायचो.

एका ऑगस्टात ओट्मार आला. लिंझचा ट्राम चालवणारा, पन्नाशीचा, पायात उसने बूट. नोत्बुर्गाने त्याला हिंटरकोगेल निवडून दिला होता. उंची चांगली दणदणीत, पण दोर लागत नाही, थोडा बर्फ तुडवला की चालत माथा. संध्याकाळी शेजारच्या बाकावर म्युनिकचे तीन तरणे गडी दोर पसरून बसले होते. दुसऱ्या दिवशी ते समोरची श्वार्झवांड, म्हणजे उभ्या कड्याची काळी भिंत चढणार होते, आणि त्याच्या गप्पा अख्ख्या कुटीला कळतील अशा आवाजात चालल्या होत्या.

"हिंटरकोगेल? तिथे तर माझी आजीसुद्धा जाईल," त्यांतला एक म्हणाला आणि तिघं खिदळले.  ओट्मार नुसता सूप ढवळत राहिला.

आमच्याकडे रिवाज असा, की सकाळी निघताना कुटीच्या वहीत आपलं नाव आणि कुठल्या डोंगरावर चाललो ते लिहायचं. माणूस परतला नाही तर शोधणारे वही उघडतात आणि तिथेच जातात. या वहीत कोणी खोटं लिहील हे आमच्या स्वप्नातही नसतं.

दुसऱ्या दिवशी दहालाच धुकं उतरलं. दुपारपर्यंत तिघं परतले. ओट्मार नाही. तीन वाजले तरी नाही. मग बचाव पथकाचा गेबहार्ट खालून तीन माणसं घेऊन आला, मी पाचवा. वही उघडली. ओट्मारच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं: श्वार्झवांड.

"एकटा? दोराशिवाय?" गेबहार्टचा चेहरा पडला. त्याने तिघांना विचारलं, "भिंतीवर दिसला का रे?"

"नाही. धुकं होतं," एक जण बुटांकडे बघत म्हणाला.

नोत्बुर्गा हातात झारा घेऊनच बाहेर आली. "भिंतीकडे जाऊ नका. तो हिंटरकोगेलवर आहे."

"बुर्गा, त्याच्या हातचं लिहिलेलं आहे."

"ते या पोरांनी वाचावं म्हणून लिहिलंय. काल त्याने मला तीनदा विचारलं, ओढा कुठे ओलांडायचा. भिंतीच्या वाटेवर ओढा आहे का?"

"पाचच माणसं आहेत. दोन्हीकडे जाता यायचं नाही. तुझं चुकलं तर?"

"तर तो मेला, आणि माझ्यामुळे मेला. आता निघा!"

तिने झारा हिंटरकोगेलच्या वाटेकडे रोखला.  गेबहार्टने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ती म्हणते तिकडे."

दोन तास धुक्यातून चढलो. ना पावलाचा ठसा, ना हाकेला ओ. मनात म्हटलं, बुडवलंस बाई! आणि एकाएकी धुकं पायाखाली राहिलं. अख्खं खोरं उतू चाललेल्या दुधासारखं पांढरंशुभ्र, आणि त्यातून शिखरामागून शिखर, नजर पोचेल तिथवर, तिरप्या उन्हात लखलखणारी. माझा जन्म गेला इथे, पण माझा हात आपोआप टोपीकडे गेला. देवा रे, केवढं हे!  या एवढ्या पसाऱ्यात आम्ही एका माणसाला शोधत होतो, ते एका बाईच्या शब्दावर.

तेवढ्यात शीळ आली. बारीक, दमलेली.

माथ्याच्या जरा खाली, खडकाला टेकून बसला होता. पाय मोडलेला, ओठ निळे. गेबहार्टने कांबळं पांघरलं तसा तो ढसाढसा रडायला लागला. "तुम्ही इकडे कसे? धुकं फाटलं की मी त्या भिंतीकडे बघत होतो. तुम्ही तिकडे चढताना दिसाल म्हणून. मीच तसं लिहिलं होतं ना! मला लाज वाटली. परतल्यावर खोडणार होतो."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण मी खाली बसून त्याच्या मोडक्या पायाला काठी बांधली.

पाठीवर बांधून त्याला खाली आणेपर्यंत अंधार पडला. कुटीत सगळे जागेच होते. नोत्बुर्गाने आधी त्याचा पाय बघितला, मग तोंड. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुठे गेला होतास?"

ओट्मारने मान खाली घातली. "हिंटरकोगेलवर."

"माथ्यापर्यंत?"

"माथ्यापर्यंत. उतरताना घसरलो."

म्युनिकचा तो आजीवाला पोरगा उठून उभा राहिला. कानापर्यंत लाल झालेला. "आम्ही... आम्ही अर्ध्या भिंतीवरूनच मागे फिरलो. घाबरलो."

 नोत्बुर्गाने ओट्मारचा हात हातात घेऊन घट्ट दाबला. माथा गाठून आलेल्या माणसाला आम्ही देतो तो मान असाच असतो. "म्हणजे आज वर जाऊन आलेला हा एकटाच," ती म्हणाली. "विन्स, सूप आधी याला दे."

मी दिलं. त्याच्या हातांना कापरं भरलं होतं, म्हणून त्या पोराने पुढे होऊन वाडगा धरला.