एल्विराआजींचा पिकाफ्लोर

त्या सकाळी ग्रेगच्या गाउनवरच्या स्टिकरवर नावाच्या जागी ‘पिकाफ्लोर’ लिहिलेलं होतं.

लॉकडाउनचे दिवस. परदेशात, डँडेनॉन्गजवळच्या एका वृद्धाश्रमात मी नर्स होते. पीपीई, म्हणजे गाउन, मास्क, शील्ड चढवलं की कोण कोण ते ओळखू यायचं नाही. म्हणून सगळे छातीवर नाव चिकटवायचो.

ग्रेग आमचा मॅनेजर. मूळच्या चिलीच्या एल्विराआजी त्याला या नावाने हाक मारायच्या.

"स्पॅनिशमध्ये हमिंगबर्ड," तो मला खुशीत म्हणाला. "गूगल केलं मी. दिवसभर प्रत्येक खोलीत डोकावतो ना, म्हणून."

डोकावायचा हे खरं, पण ग्लव्ह्ज न बदलता. नियम असा, की खोलीतून निघालं की ग्लव्ह्ज टाकायचे, हात सॅनिटाइझ करायचे, मग पुढची खोली. हा इथे पलंगाचा कठडा धरणार, तिथे कुणाचा खांदा थोपटणार. मी एकदा आजींच्याच खोलीत त्याला सांगून पाहिलं. "नो वरीज, मेट," म्हणाला, आणि पुढच्या ड्यूटीच्या रोस्टरमध्ये माझे सगळे वीकेंड कामात गेले. मग मी गप्प बसले. तोवर वरच्या मजल्यावर दोघं पॉझिटिव्ह निघाले.

त्या दुपारी आजींच्या मुलीचा व्हिडिओ कॉल होता. आयपॅड मी धरला होता. ग्रेग हॅलो करायला आला. मुलीने स्टिकर वाचला आणि ती हसतच सुटली.

"सॉरी ग्रेग, पण आमच्यात बायकांच्या मागे फिरणाऱ्याला पिकाफ्लोर म्हणतात. आज ही, उद्या ती."

ग्रेगचे कान लाल झाले. मास्क असल्याने माझं हसू झाकलं गेलं.

"बायकांचं नाही म्हणत मी," आजी मोडक्या इंग्लिशमध्ये शांतपणे म्हणाल्या. "पिका म्हणजे टोचतो. फ्लोर म्हणजे फूल. या फुलात चोच, त्या फुलात चोच." त्यांनी ग्रेगच्या ग्लव्ह्जकडे बोट दाखवलं. "दोन नंबरची खोली, तीन नंबरची, आता माझी. चोच तीच."

मुलगी हसायची थांबली. "ग्रेग, हे खरं आहे?"

ग्रेग दाराशी गेला, ग्लव्ह्ज काढले, हात चोळले, नवे चढवले आणि पुन्हा आत आला.

"ग्रासियास, ग्रेग," आजींनी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक दाराशी ग्लव्ह्जचा बॉक्स आणि कचऱ्याचा बिन आला. आमच्या मजल्यावर त्या लाटेत कुणी पॉझिटिव्ह निघालं नाही.

मी आजींना विचारलं, "सरळच का नाही सांगितलंत त्याला?"

"तू सांगितलं होतंस ना सरळ," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

तेव्हापासून साहेबाची चूक काढायची झाली, तर ती आधी कौतुकासारखी ऐकू येईल एवढं मी बघते.