तळ्याचं कोमट पाणी

शेजारच्या फ्लॅटमधल्या माझ्या लिथुआनियन मैत्रिणीची आई सिंगापूरच्या यिशुन भागात आमच्याकडे आली, तेव्हा मैत्रिणीचा बेत पक्का होता: आईने आता इथेच राहायचं आणि तिकडचं घर विकायचं. आईचं मात्र काही ठरत नव्हतं. म्हणून एका शनिवारी मी दोघींना घेऊन निघाले. पॉलिक्लिनिक, बाजार, वाचनालय, शेवटी तळं. म्हातारपणी लागतं ते सगळं चालण्याच्या अंतरावर आहे, हे एकदा दाखवलं की प्रश्न सुटेल असं मला वाटलं.

मावशींना (मी त्यांना मावशीच म्हणायचे) सगळं आवडलं. "आमचं गावही असंच, आखून बांधलेलं," त्या म्हणाल्या. आमच्यात दुभाषी त्यांची मुलगी.

त्यांचं गाव एलेक्ट्रेनाय. आधी तिथे शेतं होती. वीज केंद्र आलं, त्याच्याबरोबर शहर उभं राहिलं, आणि नावही विजेवरूनच पडलं. केंद्राची यंत्रं थंड ठेवायला नदी अडवून तळं केलं. त्यात काही खेडी बुडाली, मावशींचंही. पुढे त्यांनी त्याच केंद्रात नोकरी केली.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"वडिलांना आला. मग नव्या घरात नळाला गरम पाणी आलं. त्यानंतर त्यांना अंघोळीतून बाहेर काढणं कठीण झालं."

मी भुसावळजवळ दीपनगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत वाढले. सकाळी उठल्यावर आधी चिमणीकडे बघायचं, धूर दिसला की घरातले सगळे निवांत. त्यामुळे ही बाई मला परकी वाटेना. बुडालेल्या गावाबद्दल गळा न काढता, त्याच पाण्याच्या काठी तिने आयुष्य नीट मांडलं होतं.

तळ्याशी मावशी वाकल्या, पाण्यात हात घातला आणि मान वर करून इकडेतिकडे बघू लागल्या.

"केंद्र कुठे आहे?"

मीही वळून चिमणी शोधली. मैत्रीण हसत सुटली. "आई, हे सिंगापूर आहे. इथे पाणी आपोआपच कोमट असतं." मग माझ्याकडे वळली. "आणि तू काय शोधतेयस गं?"

त्यांच्याकडे यंत्रं थंड करून गरम झालेलं पाणी तळ्यात परत येतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही केंद्राजवळचं पाणी गोठत नाही. त्यात हात घालून बघायचं. कोमट लागलं की केंद्र चालू.

"आता ते कधीमधीच चालतं ना," मैत्रीण म्हणाली.

"म्हणून तर बघावं लागतं," मावशी हात पुसत म्हणाल्या. "इथे कुणी बघितलं नाही तरी चालतंय. मी घर विकत नाही."

मी घरी येऊन मावशींच्या परतीच्या सामानाची यादी केली: लोणचं, सुती रुमाल, गुडघ्याचं मलम.

तिकडच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला की मैत्रीण तब्येत विचारते. मी मागून ओरडते, "पाणी कसं आहे ते विचार."