बारगीर सर आणि आबांची भाकरी

इस्माईल बारगीर सरांची आणि माझी पहिली भेट एका उकडलेल्या बटाट्यामुळे झाली. गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘सरांचे अध्यापनकार्य’ असा भारदस्त विषय सोपवला आहे. पण सरांच्या अध्यापनकार्याची सुरुवातच माझ्यासाठी बटाट्यापासून होते, त्याला माझा इलाज नाही.

नववीपर्यंत मी मुरगूडला शिकले आणि दहावीला कोल्हापुरात मामांकडे राहायला आले. नव्या शाळेतला पहिलाच शनिवार होता. शेवटच्या तासाला सर वर्गात आले ते फडक्यात काहीतरी गुंडाळून. शिपायाच्या स्टोव्हवर नुकताच उकडलेला बटाटा होता तो. त्यांनी तो पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात टाकला आणि म्हणाले, “सरकवा पुढं!” मुले ओरडत, हात झटकत बटाटा पुढे ढकलू लागली. फिरत फिरत तो माझ्याकडे आला आणि तिथेच थांबला. कुणी हातात दिलेली वस्तू लगेच दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, असे आमच्या घरचे वळण. मी तो दोन्ही हातांनी धरून बसले. डोळ्यांत पाणी आले, पण सोडला नाही. सरांच्या ते लक्षात आले तेव्हा त्यांनी धावत येऊन माझ्या हातांवर तांब्याभर पाणी ओतले. मग फळ्यावर ‘हॉट पोटॅटो’ असे लिहिले आणि म्हणाले, “ज्याला कुणी हातात धरंना, जो तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलतोय, असल्या भानगडीला गोरा साहेब हे नाव देतोय. पोरी, वर्गात तुला एकटीलाच ते नीट कळलं.”

सरांचा शनिवारचा तास असा असे. इंग्रजीत खाण्यापिण्यावरून पडलेले वाक्प्रचार भरपूर आहेत आणि आमच्यासारख्या आठवीत ए बी सी डी गिरवलेल्या मुलांना ते पाठ करूनही कळत नसत. सरांनी त्यावर स्वतःचा नियम काढला होता. ज्या पदार्थाचा वाक्प्रचार, तो पदार्थ वर्गात आल्याशिवाय फळ्यावर खडू टेकवायचा नाही. शनिवारी सगळ्यांनी डबे आणायचे, तास संपताना एकत्र बसून खायचे. ‘पीस ऑफ केक’ शिकवायचा तर आमच्यातल्या निम्म्याजणांनी केक पाहिलेला नव्हता. सरांनी लक्ष्मीपुरीतल्या बेकरीतून एक तुकडा आणला, प्रसादासारखा चिमूट चिमूट वाटला आणि विचारले, “खायला काय तरास झाला? न्हाय न्हवं? मग इतकं सोपं काम, असा त्याचा अर्थ.” ‘स्पिल द बीन्स’च्या दिवशी त्यांनी शेरभर पावटे वर्गात उधळले आणि आम्हाला बाकांखालून वेचायला लावले. गुपित एकदा सांडले की असे गोळा करत बसावे लागते, हे मला आजही पावटे निवडताना आठवते. मर्जी राखायला इंग्रजही लोणीच लावतो हे ऐकून तर वर्गाने बाके बडवली. सात समुद्रापलीकडचा माणूस आमच्याच तालुक्यातला निघाल्यासारखे वाटले.

या पद्धतीवर शिक्षकांच्या खोलीत टीका होत असे. वर्गात मुंग्या होतात, पोरे अभ्यासापेक्षा डब्याकडे बघतात, वगैरे. सरांचा स्वभाव तापट. ते म्हणत, “मुंग्या झाल्या तर मी झाडतो. पोरं नापास झाली तर कोण झाडणार हाय?” आणि खरोखरच तास संपल्यावर ते स्वतः झाडू घेत. त्यांचे इंग्रजी उच्चार अस्सल कोल्हापुरी होते, हे गौरवग्रंथातही लपवण्यात अर्थ नाही. पण त्या उच्चारांतून अर्थ जसा मनात उतरे, तसा पुढे मी ऐकलेल्या सफाईदार इंग्रजीतून क्वचितच उतरला.

रमजानचा महिना आला तेव्हा आम्ही आपापसांत ठरवून शनिवारी डबे बंद ठेवले. सर उपाशी आणि आपण खायचे, हे बरे दिसेना. सरांना कळले तेव्हा ते भडकले. “रोजा माझा हाय, तुमचा न्हाय. उघडा डबे!” त्या महिन्यातले सगळे वाक्प्रचार त्यांनी आमच्या भाज्यांच्या वासात उभे राहून, पाण्याचा थेंब न घेता शिकवले. ईद झाल्यावर किटलीभर शीरखुर्मा आला. आम्ही विचारले, “सर, ह्याच्यावर वाक्प्रचार कुठला?” सर म्हणाले, “ह्याच्यावर साहेबाकडं काय न्हाय. ती त्याची गरिबी.”

एवढे सगळे होऊनही मी इंग्रजीत कच्चीच राहिले. वर्गात समजे, पेपरात हात गळून जाई. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी सहामाहीत मी नापास झाले. एखादी गोष्ट ‘चिमूटभर मिठासह’ घेणे म्हणजे तिच्यावर पक्का विश्वास ठेवणे, असे मी त्या पेपरात बिनधास्त लिहिले होते. इंग्रजीत नेमके उलट, सांगणाऱ्याचे सगळेच खरे मानायचे नाही, असा अर्थ. ज्याचे मीठ खाल्ले त्याला अंतर द्यायचे नाही, हे ऐकत वाढलेल्या मुलीच्या डोक्यात मिठाचा संबंध संशयाशी बसतच नव्हता. सरांनी उत्तराला शून्य दिले आणि वर्गात म्हणाले, “साहेबाच्या देशात हे चूक. आपल्यात हिला पैकीच्या पैकी.”

पण शून्य ते शून्यच. मामांकडून निकाल गावी कळला. आमचे आबा शेतकरी, बोलण्यात सडेतोड. त्यांनी आधीच सांगून ठेवले होते की नापास झालीस की शाळा बंद. शिरोळकडचे एक स्थळही आलेले होते, मळा-पाण्याचे, ट्रॅक्टरवाले. मला शिकायचे होते. शिकून शाळेतच उभे राहायचे होते, फळ्याच्या बाजूने.

आबा गुळाच्या सौद्याला कोल्हापुरात आले आणि बाजार आटोपून थेट शाळेत. नेमका शनिवार, नेमका शेवटचा तास. सगळ्यांचे डबे उघडे. आबा दारात थांबले आणि म्हणाले, “शाळा हाय का खानावळ?” मग सरांना रामराम करून सरळ मुद्द्यावर आले. “सर, पोरीला न्यायला आलोय. तेवढं नाव काढून द्या.”

सर म्हणाले, “पावणं, बसा की. जेवायची येळ झालीया. दोन घास खावा, मग बोलू.”

आबा बसले, पण हात मांडीवरून हलवला नाही. “जेवणार न्हाय, सर. तुमच्यात जेवलो तर मग तुमास्नी न्हाय म्हणता यायचं न्हाय. म्हणून आधीच सांगतोय.”

“व्हय, हे बाकी खरं बोललासा,” सर म्हणाले.

आता अडचण अशी झाली की पाहुणा जेवत नाही तोवर जेवायचे नाही, हे तिथल्या प्रत्येक मुलाच्या अंगात भिनलेले. सगळे डबे उघडे ठेवून नुसते बसले. भाजीवर माशा बसू लागल्या. सरांनी मला उभे केले. “सुमन, आज काय शिकलो ते आबांना सांग.”

त्या दिवशी एका मुलाने अख्ख्या पोळीचा एक घास करून दाखवला होता. मी चाचरत म्हणाले, “आबा, आपल्याला चावंना इतका मोठा घास तोंडात घ्यायचा. म्हणजे झेपंना ते काम अंगावर घ्यायचं.”

आबा लगेच म्हणाले, “मग मी तरी दुसरं काय म्हणतोय? हिला झेपंना.”

मला रडू फुटले. सरांच्या हातातला खडू नुसता बोटांत फिरत होता. मग त्यांची नजर आबांच्या शेजारी ठेवलेल्या गठुड्यावर गेली.

“पावणं, ह्यात काय हाय?”

“भाकरी हाय. खर्डा हाय. वाटंत खाईन म्हणून आणल्याली.”

“ती द्या मला.”

आबा बघतच राहिले. मागितलेली भाकरी नाही कशी म्हणायची? त्यांनी गाठ सोडली. सर आमच्या रांगेत मांडी घालून बसले आणि आबांची भाकरी खाऊ लागले. आईचा खर्डा म्हणजे जाळ. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, कान लाल झाले, पण त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत सगळे संपवले, फडके झटकून घडी करून परत दिले. मग हात जोडून म्हणाले, “पावणं, तुमी जेवला न्हाईसा, ते बरं केलं. मी जेवलो. आता तुमचं मीठ माझ्या पोटात हाय. न्हाय म्हणायची चोरी आता मला. बोला, काय करू? नाव काढ म्हणालासा तर आत्ता काढतो.”

असा पेच आबांना कधी कुणी घातला नसेल. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एका शब्दावर माझे सगळे अवलंबून होते आणि तो शब्द बोलायचा अधिकार सरांनी आपणहून त्यांच्या हाती दिला होता. आबांनी रिकाम्या फडक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. पटका काढून पुन्हा बांधला.

“पास करा मग,” आबा म्हणाले. “आणि शिरोळकरास्नी काय सांगू?”

“सांगा, पोरगी परीक्षेला बसलीया.”

त्यानंतर आबांनी शेजारच्या मुलाच्या डब्यातली पोळी स्वतः उचलली आणि सगळा वर्ग एकदम जेवायला लागला.

सरांनी ते मीठ कसे फेडले ते मी जन्मात विसरणार नाही. मॅट्रिकपर्यंत रोज शाळा सुटली की त्यांच्या घरी माझा अभ्यास. सरांच्या पत्नी, आमच्या फातिमाभाभी, आधी विचारत, “खाल्लीस का काय?” खाल्ल्याशिवाय पुस्तक उघडू देत नसत. सर रागवायचे, भाभी त्यांना रागवायच्या. मी पास झाले. इंग्रजीत काठावर, पण पास झाले. आबा गुळाची ढेप घेऊन शाळेत आले, तेव्हा सरांनी ढेपेला हातही लावला नाही. “गूळ नको. भाकरी आणलीया का?” तेव्हापासून दर सौद्याला आबांच्या गठुड्यात दोन माणसांची भाकरी असते, आणि आबाही सरांबरोबर जेवतात.

पुढे मी शिकले आणि त्याच शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू झाले. लग्नही झाले. पण ते माझ्या पसंतीने, नोकरी लागल्यावर. पहिल्या वर्षी मी वाक्प्रचारांची लांबलचक यादी फळ्यावर लिहून मोकळी झाले. सर दारातून जाताना थांबले, पाठीमागे हात बांधून यादी वाचली आणि म्हणाले, “बाई, पोरं उपाशी हायत.” मी मुकाट्याने फळा पुसला. पुढच्या शनिवारी मामीकडून स्टोव्ह मागून आणला.

सर आता साठ वर्षांचे होत आहेत. निवृत्त झाले तरी गल्लीतली मुले शनिवारी डबे घेऊन त्यांच्या घराच्या सोप्यात जमतात. गेल्या वर्षी रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी सरांचे मीठ बंद केले. कोल्हापुरात राहून अळणी खायचे, ही शिक्षा किती कडक, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आबांना हे मी सांगितले. पुढच्या सौद्याला ते आले अळणी खर्डा घेऊनच, आणि दोघांनी मिळून तो खाल्ला. आई मला म्हणाली, “तुझा आबा घरातबी अळणीच खातोय. सरांच्या म्होरं तोंड वाकडं हुया नको म्हणून सवय करतोय म्हणं.”

सरांच्या साठीच्या सत्कारानंतरच्या जेवणाची जबाबदारी आबांनी मागून घेतली आहे. त्यांनी आचाऱ्याला बजावले आहे की त्या दिवशी रश्श्यात मीठ पडणार नाही, कुणाच्याच पानात नाही. आचारी हबकला. म्हणाला, “पावणं, मला ह्या गावात ऱ्हायचं हाय.” आबा म्हणाले, “त्या माणसानं माझं मीठ एकदा खाल्लं आणि जन्मभर फेडलं. आपल्याला एक येळ बिनमिठाचं खायला काय धाड भरलीया?”

तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांना, सरांच्या सर्व विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना माझी आगाऊ सूचना आहे, तोंडे वाकडी करू नका. आणि सर, तुम्हाला भाभींच्या सोबतीने भरपूर, निरोगी आयुष्य मिळो, डोळे तेज आणि आवाज असाच खणखणीत राहो, तुम्हाला चिडायला आम्ही पुरून उरूच. तुम्ही शंभरी गाठलीत तरी आम्ही अळणी खात बसू. त्या दिवशी पाने वाढून झाली की आम्ही सगळे हात मांडीवर ठेवून थांबू. तुम्ही पहिला घास घ्या, सर. तोवर कुणीही जेवणार नाही.